निवडणूक आयोगाला खुलं पत्र : फडावर गेलेल्यांच्या मताचं काय?

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त व मा. निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली.

विषय : ऊसतोड कामगारांना हंगामात, जिथे असतील तिथून मत देता यावे, याबाबत.

महोदय,

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीच्या काळात तुमची बरीच चाकरी केली. शाई लावली, याद्या तपासल्या, पेट्या वाहिल्या, पुढे यंत्रं आली तेव्हा ती बंद पडली की घामाघूम झालो. शेवटची निवडणूक २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभेची. तेव्हा मी शेजारच्या तालुक्यात, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात केंद्राध्यक्ष होतो. हे पत्र त्या दिवसापासून डोक्यात आहे. नोकरीत असताना लिहिता येत नव्हतं, आता येतं.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, झालं, सातला केंद्र उघडलं. नऊपर्यंत म्हातारी माणसं येऊन गेली. मग कुणीच नाही. दहा वाजता शाळेच्या पटांगणात दोन कुत्री आणि बंदोबस्ताचा पोलीस. पहिल्या मतदान अधिकाऱ्यासमोरची यादी मी सहज चाळली. एका पानावर दोन खुणा, दुसऱ्यावर एक, पुढचं पान सगळं कोरं. घरं होती, नावं होती, फोटो होते. माणसं सांगली-कोल्हापूरकडे, काही बेळगाव-बागलकोटच्या बाजूला, उसाच्या फडात.

आमच्याकडे या घरांना सांकेतिक भाषेत 'गेलेली' म्हणतात. "ते गेलेत का?" एवढंच विचारायचं. कुठे, कशाला, हे सांगावं लागत नाही.

केंद्राध्यक्षाच्या पिशवीत एक यादी असते, तुम्हाला ठाऊकच आहे : गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) चिठ्ठ्या वाटायला गेला आणि दाराला कुलूप दिसलं की नाव या यादीत. त्या गावच्या बीएलओ अंगणवाडीताई होत्या. त्यांनी इमानेइतबारे काम केलेलं. त्यामुळे झालं असं, की पंचवीस वर्षांचं धडधाकट जोडपं आणि चार वर्षांपूर्वी वारलेला त्याच घरातला आजा, तिघं एकाच कागदावर. फरक एवढाच की दोघांपुढे एक अक्षर आणि आज्यापुढे दुसरं.

सहा महिने आधी, १३ मे २०२४ ला, याच जिल्ह्यात लोकसभेचं मतदान झालं. तेव्हा हंगाम संपून टोळ्या परतल्या होत्या. मी दुसऱ्या केंद्रावर होतो, पण गाव तसंच. उन्हाचा कहर, आणि तरी रांग शाळेच्या फाटकाबाहेर. बायका पदराने वारा घेत उभ्या. त्याच माणसांना मेमध्ये लोकशाहीची ओढ असते आणि नोव्हेंबरात नसते, असं तर नाही ना?

थोडं हंगामाचं सांगतो, कारण दिल्लीला साखर दिसते, फड दिसत नाही. दसरा झाला की मजूर पुरवणाऱ्या मुकादमाची माणसं फिरू लागतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, मात्र त्याच्या फार आधी, पावसाळ्यातच घेतलेली असते. कुणी लग्नाला, कुणी दवाखान्याला, कुणी मागच्या उचलीतली बाकी भागवायला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाच्या वहीत उचल नवऱ्याच्या नावावर लागते, बायकोचं नाव बहुतेक वेळा नसतंच, ती कोयत्यातली अर्धी. ट्रकमध्ये भांडीकुंडी, पीठ, शेळी, कोंबड्या, लहान पोर. तिकडे पोचलं की उसाच्या पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी उभी करायची. पहाटे तीन-चारला फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधून गाडी भरायची, रात्री वजनकाट्यावर नंबर येईपर्यंत गाडीखाली झोपायचं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, मार्च-एप्रिल उजाडतो. मधल्या काळात गावी यायचं तर खाडा. एक दिवस खाडा केला की दंड, शिवाय टोळीतले बाकीचे अडतात, त्यांच्या शिव्या वेगळ्या.

आता कायद्याकडे या. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ख : मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी, न देणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड. मी प्रशिक्षणात हे कलम अनेकदा ऐकलंय. फडातल्या माणसाचा मालक कोण, हे कुणी सांगेल? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस. पगार नाही, टनावर मजुरी. आणि समजा सुट्टी मिळालीच, तर तीनशे किलोमीटर येऊन-जाऊन दोन दिवस आणि जोडप्याचं भाडं, हे कुणी द्यायचं?

ते द्यायला माणसं आहेत, म्हणा. उमेदवाराची माणसं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला तर एकेका मतासाठी गाडी जाते, कारण सरपंच दोन-चार मतांनी पडतो. कराडपासून, जतपासून जीप भरून माणसं येतात, मत देतात, जेवतात, रात्रीच परत. विधानसभेला हिशेब वेगळा. तिथे 'आपली' खात्रीची माणसं तेवढी वेचून आणली जातात, बाकीच्यांना कुणी विचारत नाही. मतदारांना फुकट वाहनाने ने-आण करणं हा त्याच कायद्याच्या कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्टाचार ठरतो. म्हणजे ऊसतोड्याने फडावर राहून मत दिलं नाही तर तो बेफिकीर, आणि गाडीत बसून येऊन दिलं तर गैरव्यवहाराचा भाग. सरळ मार्गाने मत द्यायची वाट त्याला तुम्ही ठेवलेलीच नाही.

२०२४ ची तारीख कशी ठरली तेही लोकांच्या लक्षात आहे. २०१९ ला महाराष्ट्र आणि हरियाणा एकाच दिवशी, २१ ऑक्टोबरला झाले. त्याआधी २०१४ ला १५ ऑक्टोबर, २००९ ला आणि २००४ ला १३ ऑक्टोबर. तेव्हा बऱ्याच टोळ्या मत देऊन निघायच्या. २०२४ ला हरियाणा वेगळं काढलं. महाराष्ट्राला उशीर का, हे त्या वर्षी ऑगस्टच्या पत्रकार परिषदेत सांगितलं गेलं : पाऊस फार झाला, आणि पुढे गणेशोत्सव, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. आमच्या पितरांचासुद्धा विचार झाला, याचं समाधान आहे. पण राज्य सरकारने गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरवलेला आणि मतदान २० ला. टोळी काही बॉयलर पेटल्यावर निघत नाही, आधी जाऊन कोपी घालते. लाखो माणसं त्या पाच दिवसांच्या पलीकडे गेली.

तारीख हलवता येत नाही, असं कुणी म्हणू नये. तुम्ही हलवता, आणि चांगलं करता. २०२२ ला पंजाबचं मतदान १४ फेब्रुवारीवरून २० ला नेलं, कारण गुरू रविदास जयंतीला लोक वाराणसीला जातात. २०२३ ला राजस्थानचं २३ नोव्हेंबरचं २५ ला नेलं, देवउठनी एकादशीची लग्नं होती म्हणून. २०२४ ला हरियाणाचं १ ऑक्टोबरवरून ५ ला, बिश्नोई समाजाच्या आसोज अमावास्येसाठी. त्याच नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातल्या पोटनिवडणुका १३ वरून २० ला गेल्या, कार्तिकी पौर्णिमा आली म्हणून. चारही ठिकाणी कारण एकच : त्या दिवशी मतदार गावात नसणार किंवा त्याला सवड नसणार. मग सण म्हणून गाव सोडणारा मोजला जातो आणि पोट म्हणून सोडणारा का नाही?

आणि ही पद्धत आजची नाही. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतली पहिली मतं हिमाचलमधल्या चिनी नावाच्या तहसिलीत २५ ऑक्टोबर १९५१ ला पडली, बाकी देशाच्या कितीतरी आधी. बर्फ पडलं की खिंडी बंद होणार, म्हणून. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त. यादीत सतरा कोटींच्या वर मतदार, त्यातल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी चिन्हं आणली, उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवली. माणसाला यंत्रणेच्या मापात बसवायचं सोडून यंत्रणा माणसाच्या मापाने शिवली. गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतासाठी तुम्ही केंद्र उघडता, ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल. पोरांचे डोळे मोठे व्हायचे. एकदा एका पोराने विचारलं, "गुरुजी, मग आमच्या आईसाठी का नाही?" त्याची आई तेव्हा फडावर होती. मी पुढचा धडा काढला.

त्याच सेनसाहेबांच्या यादीतून सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं गळली होती. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. आयोगाने अशी नोंद चालणार नाही म्हणून नावं काढली. कठोर होतं, पण पुढच्या वेळी बायकांनी नावं सांगितली. मला ते आठवतं ते मुकादमाच्या वहीमुळे. यादीत आता तिचं नाव आहे, फोटोही आहे. वहीत अजून ती 'अमक्याची बायको'सुद्धा नाही. आणि वर्षातले सहा महिने तिच्यावर सत्ता वहीची चालते.

एक गोष्ट सांगायची राहिली. १५ ऑक्टोबर २०१४. मी त्या वेळी दुसरा मतदान अधिकारी, म्हणजे शाईवाला. शाळेबाहेर ट्रक उभा, सामान भरलेलं, वर बाज उलटी टाकलेली. एक बाई कडेवर लेकरू घेऊन पुढे आली. मी म्हटलं, "ताई, डावा हात." तिने हात पुढे केला तर तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. कोयत्याने गेलेलं. नियम मला पाठ होता, तर्जनी नसेल तर डाव्या हाताचं दुसरं बोट. तर्जनी अर्धी असेल तर काय, हे काही मला आठवेना. मी बाटलीतली काडी हातात धरून तसाच. ती म्हणाली, "लावा हो गुरुजी कुठंबी, गाडी थांबलीय." मी मधल्या बोटाला लावली. तिने लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं, आत जाऊन बटण दाबलं, आणि ट्रकमध्ये चढली. त्या वर्षी तारीख तिच्या बाजूने होती, एवढंच.

आता ज्यांना हे सगळं फाजील वाटतं त्यांच्याविषयी. शिक्षकांच्या खोलीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत मी हे बोलणं ऐकत आलोय : "असल्यांना मत कशाला? पाचशे रुपयांत विकतात. मताला काही शिक्षणाची अट पाहिजे." बोलणारे बहुतेक माझ्यासारखेच पगारी. हे बोलणं जुनं आहे. १९१९ च्या कायद्याने मत दिलं ते शेतसारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला. लोकसंख्येच्या शंभरात तिघांनासुद्धा धड मिळालं नाही. त्याच वर्षी २७ जानेवारीला, मत कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे सत्तावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर साक्षीला उभे राहिले. अस्पृश्याला मालमत्ता करूच दिली जात नाही आणि मालमत्ता नाही म्हणून मत नाही, हा फास त्यांनी समितीसमोर मांडला आणि अट खाली आणायला सांगितली. सायमन आयोगापुढे १९२८ ला ते सरळ प्रौढ मताधिकारावर आले. मत म्हणजे एकत्र राहायच्या अटी ठरवण्यात वाटा, आणि ज्याची हलाखी जास्त त्याला तो वाटा जास्त गरजेचा, अशी त्यांची मांडणी. १९३५ च्या कायद्यानेसुद्धा मजल लोकसंख्येच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच गेली. आणि मग घटनेचं कलम ३२६. त्यात ना सारा, ना शाळा. १९८९ पासून एकवीसचं अठरा झालं, तेवढाच बदल.

मला या 'शिक्षणाच्या अटी'चा राग यायचं घरगुती कारणही आहे. माझं पहिलं मत नोव्हेंबर १९८९ चं, लोकसभेचं. मी बावीस वर्षांचा, नुकताच मास्तर झालेला. त्या दिवशी माझे आई-वडील कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या फडात होते. मी शिकलो त्यांच्या उचलीवर. घरातून मत एकट्या शिकलेल्याचं पडलं, उचल फेडणाऱ्या दोघांचं नाही. म्हणजे शिक्षणाची अट कुणी लावली नव्हती तरी आमच्या घरापुरती ती लागू झालीच होती. आई वारली तोवर तिने किती वेळा मत दिलं, हे मी एकदा बोटांवर मोजलं. हात पुरला.

आता मुद्द्याचं, काय करता येईल ते. मी कायदेपंडित नाही, पण तुमचीच पुस्तकं वाचून नोकरी केली आहे.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २० स्वच्छ सांगतं की माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा सर्वसाधारण रहिवास संपत नाही. म्हणजे नाव गावातच राहणार, त्याला हात लावायचं कारण नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण २०२५ ला बिहारमध्ये मतदारयादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात प्रारूप यादीतून पासष्ट लाख नावं बाहेर राहिली आणि त्यातला मोठा भाग 'कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले' असा होता. आमच्याकडची घरोघर फेरी नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत काढली, तर गावंच्या गावं 'न सापडलेली' निघतील. कुलूप दिसलं म्हणजे घर उठलं, असं नसतं. शेजारच्या म्हातारीला विचारा, ती पट्टा कधी पडणार ते तारखेसह सांगेल.

दुसरं, १९५१ च्या कायद्याचं कलम ६०. त्याखाली तुम्ही सरकारशी विचारविनिमय करून एखादा वर्ग टपाली मतासाठी अधिसूचित करू शकता. असे वर्ग केलेतही : पंच्याऐंशीच्या पुढचे वृद्ध, चाळीस टक्क्यांवरचे अपंग, अत्यावश्यक सेवेतले लोक, वार्तांकनावरचे पत्रकार. सैनिकांना आहेच. निवडणुकीच्या कामावर होतो म्हणून मलाही होतं. त्या नोव्हेंबरात ज्यांच्या कोऱ्या पानांकडे मी बघत बसलो, त्यांच्यासारखाच मी घराबाहेर होतो, पण माझं मत पडलं होतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्या माणसालाही टपाली मत आहे. कोठडीतल्याला आहे, कोपीतल्याला नाही.

पण नुसती टपाली मतपत्रिका हातात देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. ती संध्याकाळपर्यंत मुकादमाच्या खिशात जाईल. वीस कोयत्यांच्या चाळीस मतपत्रिका एका माणसाने भरल्या, तर त्यापेक्षा कोरं पान बरं. आम्हा कर्मचाऱ्यांसाठी तुम्ही सुविधा केंद्र उघडता, तिथेच ओळख पटवायची, आडोशाला जाऊन खूण करायची, पेटीत टाकायची. तसंच केंद्र ऊसपट्ट्यात मतदानाआधी चार-पाच दिवस फिरतं ठेवा, आणि कारखान्याच्या आवारात अजिबात नको. कारखान्याचा चेअरमन बहुधा स्वतःच उमेदवार असतो, नाहीतर उमेदवाराचा सोयरा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवा. शिक्षक मिळतील, त्याची काळजी नको, ते कायम मिळतात.

कोण कुठे आहे हे कसं कळणार, असं विचाराल. कारखान्याकडे टोळ्यांचे करार आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांनी नोंदणी केली, ओळखपत्रं दिली. आणि आमचं शिक्षण खातं तर हे वर्षानुवर्षं करतंय : टोळीबरोबर निघालेल्या पोराला शाळा शिक्षण हमी कार्ड देते, ते दाखवलं की तिकडची शाळा त्याला दाखल करून घेते. मी स्वतः अशी कार्डं भरलीत. रेशनसुद्धा आता अंगठा लावून परजिल्ह्यात मिळतं. सात वर्षांच्या पोराचा हजेरीपट त्याच्यामागे सांगलीला जाऊ शकतो, त्याच्या आईच्या मताला ती वाट नाही.

दूरस्थ मतदान यंत्राचं आम्ही पेपरात वाचलं होतं. डिसेंबर २०२२ ला तुम्ही जाहीर केलं, एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघांची मतं. जानेवारीत पक्षांना बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या, त्यातली एक खरीच होती की स्थलांतरित म्हणायचं कुणाला. पुढे ते थंड पडलं. देशभराचा स्थलांतरित ठरवणं अवघड असेल, मान्य. पण ऊसतोड्याचं तसं नाही. तो कधी निघतो, कुठे जातो, कधी परततो हे साखर आयुक्तालयाच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं. प्रयोग करायचाच तर याच्याइतका सोपा स्थलांतरित मिळायचा नाही.

आणि हे काहीच जमणार नसेल, तर निदान तारीख ठरवण्याआधी पुण्याला साखर आयुक्तांना एक फोन करा. या विधानसभेची मुदत २०२९ च्या डिसेंबरात संपते. म्हणजे निवडणूक पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येणार. त्या वर्षी मतदान टोळ्या निघायच्या आत घ्या, किंवा हंगाम मतदानानंतर सुरू करायला राज्याला सांगा. आठ दिवस उशिरा तोडल्याने ऊस वाळत नाही. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, थोडे जास्त येतील, तेवढंच.

त्या नोव्हेंबरात संध्याकाळी यंत्र सील करून मी सामान आवरत होतो, तेव्हा अंगणवाडीताई आल्या. हातात न वाटलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, रबर लावलेला. म्हणाल्या, "सर, काही चिठ्ठ्या मी दाराच्या फटीतून आत सरकवल्यात. चालेल ना?" मी म्हटलं, नियमात नाही बसत. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. पण आल्यावर घर उघडतील तेव्हा दिसेल तरी, की बोलावलं होतं."

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. शिरूर कासार, जि. बीड.

प्रत माहितीसाठी :
१) मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य, मुंबई.
२) मा. साखर आयुक्त, पुणे.